बॉल पायथनचा उपास कसा सुटला: एक प्रकरण अभ्यास

मादी बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक लहान अजगर. वय साधारण तीन वर्षं, लांबी तीन फुटांहून थोडी जास्त, वजन 540 ग्रॅम. शेवटचं खाल्लं गणपतीच्या आधी, आमच्याकडे आली जानेवारीच्या मध्यात. मधल्या काळात मालक नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि टाकी पुण्यातल्या फ्लॅटवर रूममेटच्या गळ्यात पडली. "दादा, ती काहीच खात नाहीये, आणि आता फारशी हालतही नाहीये," असा फोन त्या रूममेटनेच केला. सापांचं त्याला काही कळत नव्हतं, पण मालकाचे जुने मेसेज त्याने पुसले नव्हते. त्यात जुलैमधलं वजन सापडलं: 760 ग्रॅम. म्हणजे जवळपास तीस टक्के वजन उतरलं होतं.

हा आकडा सापडला नसता तर पुढचे बरेचसे निर्णय अंदाजाने घ्यावे लागले असते. बॉल पायथन उपासासाठी प्रसिद्धच आहेत. धडधाकट प्रौढ साप, विशेषतः विणीच्या हंगामातला नर, हिवाळ्यात दोन-तीन महिने अन्नाकडे ढुंकूनही बघत नाही आणि तरी त्याचं वजन जेमतेम उतरतं. त्यामुळे "किती महिने खाल्लं नाही" हा सगळे विचारतात तो प्रश्न तसा दुय्यम. वजन किती उतरलं, हे आधी विचारायचं. दहा टक्क्यांच्या पुढे घट गेली की तो नेहमीचा उपास नाही असं धरून कारण शोधायला लागावं. इथे तर आपण त्या रेषेच्या फारच पलीकडे होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर, 2024 च्या नियमांनुसार, असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. या मालकाने ती केली होती, म्हणून हस्तांतराची नोंदही रीतसर झाली. पुष्कळदा कागदच नसतो आणि मग मामला आधी वन विभागाकडे जातो. तो तसाच जायला हवा.

टाकी

साप बघण्याआधी आम्ही तो राहत होता ती जागा बघितली. खरं तर निम्मं निदान तिथेच झालं.

चारी बाजूंनी पारदर्शक काचेची मोठी टाकी, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. वर लाल बल्ब. काचेला वरच्या बाजूला चिकटवलेला गोल थर्मामीटर 29 अंश दाखवत होता आणि रूममेट बिचारा त्या आकड्यावर समाधानी होता. पण साप काय काचेच्या वरच्या कडेला राहत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर जमिनीवर धरला तर बल्बच्या बरोब्बर खाली 25, दुसऱ्या टोकाला 20. तेही दिवसा. उजेडाचा त्रास नको म्हणून रात्री बल्ब बंद व्हायचा, आणि पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-अकरापर्यंत खाली येतो. आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास. लपायला एक शोभेची गुहा, एवढी ऐसपैस की आत मांजर मावावं. वीतभर खोलीच्या पाण्याच्या भांड्याला कडेने पांढरा थर चढलेला.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याचा पोटाशी असलेला संबंध मात्र लक्षात येत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच पचन चालतं. ती नसताना गिळलेला उंदीर पोटात सडतो आणि उलटून बाहेर येतो, आणि त्यात साप दगावूही शकतो. थंडीत न खाणं हा त्या शरीराचा शहाणपणा आहे. या मादीने पाच महिने शहाणपणाच केला होता.

दुसरी गोष्ट आग्रहाची. घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय करून पाहिला होता. जिवंत उंदीर रात्रभर टाकीत सोडून दिला होता, त्याने पाठीवर कुरतडल्याची खूण मागे ठेवली. कोंबडीच्या मांसाचे तुकडे झाले. उकडलेलं अंडं झालं. शेजारच्या आजींनी वाटीभर दूध पाठवलं. (पाठवणारच. नागपंचमीचं दूध आपल्या हाडीमाशी भिनलंय. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याला पचत नाही, आणि तहानेने व्याकूळ साप वाटीत तोंड घालतो तो आतल्या पाण्यासाठी.) दर दोन-तीन दिवसांनी तिला बाहेर काढायचं, हातात घ्यायचं, तोंडासमोर काहीतरी नाचवायचं, मालकाला व्हिडिओ पाठवायचा. पंगतीतला आग्रह सापावर चालत नाही. प्रत्येक आग्रहासरशी ती आणखी घट्ट वेटोळं करून डोकं मधोमध लपवत होती, आणि या जातीचा साप ते भ्यायल्यावर करतो.

डॉक्टरांकडे

सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य शहरात मोजक्याच. आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी आधी तिला कोमट जागी ठेवून अंगात ऊब येऊ दिली, मग तपासलं. पाठीचा कणा बोटाला टोचण्याइतका वर आलेला, त्यामुळे अंगाचा छेद गोल राहण्याऐवजी तिकोनी झालेला. कातडीला बाजूने उभ्या घड्या, चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येणारी. डोळे आत गेलेले. शेपटीच्या टोकाला आणि एका डोळ्यावर जुनी कात अडकलेली. तोंडात लाळ दोऱ्यासारखी चिकट, हिरडीवर थोडे लाल ठिपके. श्वासाला घरघर नाही, नाकातोंडातून शेंबूड नाही, अंगावर गोचिडीसारखे काळे किडे नाहीत.

मादी असल्यामुळे अंड्यांची शंका काढणं भाग होतं. पोटात अंडी धरू लागली की माद्याही खाणं सोडतात. पण त्यासाठी मादीच्या अंगावर बराच ऐवज लागतो, आणि 760 ग्रॅमचीही त्या मानाने लहानच. सोनोग्राफीत काही नव्हतं. शेणाच्या नमुन्यात थोडे एकपेशीय जीव दिसले. त्यावर औषध आहे, पण मॅडमनी ते लगेच द्यायला नकार दिला. शरीरात पाणी नसताना, मूत्रपिंडांवर आधीच ताण असताना ते देऊन फायद्यापेक्षा तोटा जास्त झाला असता. "भूक वाढवायचं काहीतरी द्या ना" ही मालकाची फोनवरून आलेली विनंतीही तिथेच संपली. सापांमध्ये भूक वाढवतं म्हणून जे औषध वर्षानुवर्षं सांगितलं जातं, तेही ऐकीव अनुभवांच्या जोरावरच चालत आलंय.

तिथेच एक गोष्ट लिहून ठेवली. वजन 500 च्या खाली गेलं, किंवा उलटं केल्यावर ती स्वतःहून सरळ झाली नाही, किंवा जीभ बाहेर काढणं थांबलं, तर नळीने पातळ अन्न द्यायचं. त्याआधी जबरदस्ती नाही. बळजबरीने भरवण्यात अन्ननलिकेला इजा होऊ शकते, आणि झालेला धसका पुढचे कितीतरी आठवडे पुरतो. तरीही लोक ते करतात, कारण उपाशी जनावराकडे नुसतं बघत बसणं फार जड जातं. आकडा आधीच कागदावर असला की रात्री अकराला घाबरून कुणी चिमटा हातात घेत नाही.

ऊब, आडोसा, पाणी

तिला काचेच्या टाकीतून काढून अपारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवलं. झाकण कड्यांनी बंद होणारं, बाजूंना हवेसाठी भोकं. डबा मागच्या खोलीत, जिथे दिवसातून एकदा कुणी गेलं तर गेलं. डब्याच्या एका टोकाखाली, तळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), आणि ती ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेली. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट वापरू नये. बेलगाम मॅट पन्नासच्या पुढे जाते आणि सापाचं पोट भाजून निघतं, तरी तो तिथून उठत नाही. उबदार टोकाला तळाचं तापमान 32, थंड टोकाला 26, रात्री कुठेही 25 च्या खाली नाही. वीज गेली तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार.

दोन्ही टोकांना एकसारख्या दोन लपण्या. उपड्या घातलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, कडेला दार कापलेलं. आत शिरल्यावर अंग चारी बाजूंनी भिंतीला टेकेल एवढ्याच मापाच्या. दोन सारख्या कशाला, तर ऊब हवी की आडोसा हवा अशी निवड तिला करावी लागू नये. एकच लपण थंड टोकाला ठेवलं तर भित्रा साप तिथेच कुडकुडत बसतो. तळाला वर्तमानपत्र. दिसायला भिकार, पण शेण, लघवी, किडा, काहीही झालं तरी लगेच दिसतं. ओल्या शेवाळाचा एक बंद डबा मध्ये, त्यामुळे आर्द्रता साठ-पासष्टवर राहिली.

पाणी हे पहिलं जेवण. मॅडमनी सुरुवातीला सलाइन दिलं, घरी आम्ही तिला एक दिवसाआड उथळ कोमट पाण्यात ठेवत होतो, पाणी जेमतेम अर्ध्या अंगाएवढं, आणि पूर्ण वेळ माणूस समोर. पहिल्यांदा ती काही मिनिटं नुसतीच पडून राहिली. मग तोंडाचं टोक पाण्याला टेकवलं, आणि जबड्याच्या मागे, गळ्याच्या बाजूला, कातडी हळूहळू वरखाली होऊ लागली. आवाज नाही, जीभ नाही, बाकी अंग स्थिर. साप पाणी पितो तेव्हा एवढंच दिसतं, आणि बघणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. बराच वेळ प्यायली.

आठवडाभरात वजन 568 झालं. रूममेटला कोण आनंद झाला! वाढलेलं वजन निव्वळ पाण्याचं होतं हे त्याला सांगावं लागलं, आणि पुढे ते थोडं उतरलंच. वजनापेक्षा बोलकी गोष्ट खालच्या कागदावर होती. सापाच्या लघवीतला घट्ट भाग सुरुवातीला पिवळ्या खड्यासारखा पडत होता, तो मऊ आणि पांढरा झाला. मूत्रपिंडांना पाणी पोचलं होतं.

डोळ्यावरच्या कातीला हात लावला नाही. ती चिमट्याने ओढण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि खालचा डोळाच सोलवटून निघतो. आर्द्रता नीट ठेवली की पुढच्या कातीबरोबर ती निघते.

यानंतर तिला एकटं सोडलं. भरवण्याचा प्रयत्न नाही, हाताळणं नाही. अंगात पाणी मुरल्यावर भिजवणंही बंद. आठवड्यातून एकदा वजन, तेही ती ज्या कुंडीखाली बसली असेल ती कुंडी खाली पुठ्ठा सरकवून तशीच काट्यावर ठेवायची आणि कुंडी-पुठ्ठ्याचं वजन वजा करायचं. या टप्प्यावर सगळ्यांचा धीर सुटतो. मालक रोज मेसेज करत होता. "दिलं का काही?" नाही. मुद्दामच नाही.

पहिला नकार

सापाने कात टाकली, एका तुकड्यात, डोळ्यांच्या दोन्ही चकत्यांसकट. हिरडीवरचे ठिपके गेले होते. आता विचारून बघायला हरकत नव्हती.

भक्ष्य म्हणून गोठवलेला छोटा उंदीर, साधारण 25 ग्रॅम. तिच्या आकाराच्या सापाला एरवी याच्या दुप्पट चाललं असतं. पण महिनोन्‌महिने उपाशी शरीराला एकदम मोठं जेवण देणं धोक्याचं असतं. अन्न येताच पेशी रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम ओढून घेतात, रक्तातली पातळी कोसळते आणि जनावर खाऊन मरतं. उपाशी माणसांतही हेच होतं. शिवाय अजगराच्या जातीत पचन हे प्रचंड खर्चाचं काम आहे. बर्मी अजगरावरच्या 2005 च्या एका अभ्यासात मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाच्या स्नायूचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आतडी, यकृत, सगळंच फुगतं. हा खर्च आधी अंगातून करावा लागतो, आणि हिच्या अंगात तसं काही उरलं नव्हतं.

उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये विरघळवला, पिशवीत घालून गरम पाण्यात धरला, पुसून कोरडा केला. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि पोट फुटतं. रात्री, मंद उजेडात, लांब चिमट्याने कुंडीच्या दारापाशी धरला. तिने मान मागे घेतली आणि डोकं वेटोळ्याखाली सरकवलं. उंदीर दारापाशी ठेवून दिवा घालवला. सकाळी तो तसाच होता. टाकून दिला.

नकार आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं नसतं. दहा दिवस तरी विषय काढायचा नाही. आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर यश आलं तरी ते कशामुळे आलं हे कळत नाही.

मालकाला एक प्रश्न विचारला: ती खात होती तेव्हा नेमकं काय खात होती? उत्तर आलं, उंदरांची नव्हे, घुशीसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या रॅटची पिल्लं. दुकानातून आली तेव्हापासून तेच. बॉल पायथन याबाबतीत हट्टी असतात, एका वासाची सवय लागली की दुसरा प्राणी त्यांच्या लेखी अन्नच नसतो. म्हणून पुढच्या खेपेला त्याच वजनाचं रॅटचं पिल्लू आणलं, बाकी सगळं तसंच. या वेळी मान मागे गेली नाही. जीभ बराच वेळ चालू राहिली. पण पिल्लू सकाळी जिथल्या तिथे. हा नकार आधीच्यापेक्षा वेगळा होता. भीती गेली होती, खात्री पटत नव्हती.

खाल्लं

मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वजनासाठी झाकण उघडलं तर डोकं कुंडीच्या दारात होतं. नाक बाहेर, मान मागे इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली, नजर उघड्या जागेकडे. बॉल पायथन शिकारीसाठी असाच दबा धरून बसतो. आल्यापासून तिला असं बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. वजन बाजूला ठेवलं, झाकण अलगद लावलं.

दोन दिवसांनी, पुन्हा तशीच बसलेली बघून, पिल्लू तयार केलं. या वेळी बदल तापमानाचा. या सापांच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात आणि अंधारात त्यांना भक्ष्य दिसतं ते उबेवरून. आधीचं पिल्लू पाण्यातून काढून, पुसून, खोलीत नेईपर्यंत निवत होतं. आता ते डब्याशेजारीच गरम केलं आणि शेवटच्या क्षणी डोक्याला हेअर ड्रायरची ऊब दिली. थर्मामीटरवर डोकं 39. चिमट्याने दारापासून वीतभर लांब, जमिनीलगत, बाजूने पुढे आणलं. वरून आणलेली वस्तू सापाला घार वाटते. हलवलं नाही.

जीभ आली. सावकाश, लांब, वरखाली. पुन्हा आली. मग ती थांबली आणि डोकं इवलंसं मागे गेलं. पुढचं डोळ्यांना दिसलंच नाही. चिमट्याला हिसका बसला तेव्हा दोन विळखे पडून झाले होते. सगळे जागच्या जागी गप्प. मेलेल्या पिल्लालाही ती काही मिनिटं आवळून होती, मग सोडून त्याचं डोकं शोधू लागली. इथे पुष्कळ साप भक्ष्य सोडून जातात आणि बघणाऱ्याने जरा हललं की नक्कीच सोडतात. दिवा घालवून आम्ही बाहेर आलो. सकाळी पिल्लू नव्हतं, आणि अंगाच्या मधल्या भागात लहानसा फुगवटा होता. तिचं जेवणाआधीचं वजन 551.

नेमकं कशाने जमलं, असं मालकाने विचारलं. पिल्लाची ऊब हे शेवटचं कारण होतं, एवढं सांगता येतं. पण जानेवारीत तेच 39 अंशांचं पिल्लू त्या काचेच्या टाकीत नेलं असतं तर काहीही झालं नसतं. कॅलेंडर बघून दिलेली दोन्ही भक्ष्यं वाया गेली होती, साप बघून दिलेलं लागू पडलं.

नंतर

चार दिवस डब्याला हात नाही. पुढचं जेवण दहा दिवसांनी, तेवढंच लहान. तीन जेवणं उलटी न होता पचल्यावर आकार हळूहळू वाढवला. शेणाचा नमुना पुन्हा तपासला तेव्हा ते एकपेशीय जीव नगण्य उरले होते, औषधाची गरजच पडली नाही. जूनच्या अखेरीस वजन 730 ग्रॅम होतं आणि कणा बोटाला लागत नव्हता.

मालकाला ती परत नको होती, आणि ते बरंच झालं. तिला मुंबईतल्या एका अनुभवी पालकाकडे दिलं, पोर्टलवरच्या नोंदीसह. सोबत डबा, दोन्ही कुंड्या, थर्मोस्टॅट आणि एक कागद: कुठे किती तापमान, काय खाते, कसं धरायचं, दर महिन्याचं वजन इथे लिहा.

पुढच्या वर्षी डिसेंबरात त्यांचा मेसेज आला. सहा आठवडे झाले, काही खात नाही, काय करू? वजन विचारलं. नोव्हेंबरात 1,050 होतं, आता 1,025. त्यांना लिहिलं: मॅटची वायर आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर तपासा, पाणी बदलत राहा, रॅट फ्रीजरमध्येच असू द्या. फेब्रुवारीच्या शेवटी तिने डोकं दारात काढलं, आणि त्यांनी त्या रात्री एक रॅट विरघळवला.